सैदालचं ऊन

सैदालचा बाप एका सकाळी कारेजात उतरला आणि दुपारी लोकांनी त्याला चादरीत बांधून वर काढलं. आतली कड ढासळली होती. मी सैदालचा चुलतभाऊ, जानान. त्या दिवशी आम्ही दोघं शेळ्या घेऊन डोंगराकडे गेलो होतो, त्यामुळे परतलो तेव्हा सगळं उरकत आलं होतं. सैदाल रडला नाही. बापाच्या पायांना लागलेली ओली माती त्याने बोटाने खरवडून काढली आणि कारेजाच्या तोंडाकडे भिरकावली.

आमच्या गावाचं नावच कारेज वलीजान. कारेज म्हणजे डोंगराच्या पायथ्याला जिथे पाणी लागतं, तिथून जमिनीच्या पोटातून खणत आणलेला बोगदा, माणूस वाकून चालेल एवढा. मधे मधे गाळ काढायला विहिरीसारखी भोकं. पाणी उताराने आपसूक चालत येतं, खालच्या वस्तीपाशी, कूझकलीत, उजेडात येतं आणि तिथून पाटाने बागांत जातं. तो कुणी खणला ते कुणालाच माहीत नाही; आमच्या पणजोबांनाही तो आयताच मिळाला होता. पण दर वर्षी कुणीतरी आत उतरून गाळ उपसायला लागायचा, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे होतं. भाऊ गेला त्या दिवशी माझ्या वडिलांनी फावडं टाकलं आणि ते ट्रकवर गेले. पुढे तो ट्रक माझ्याकडे आला.

सैदालच्या आईला सगळं गाव 'अदे' म्हणायचं. तिने मुलाला एकच गोष्ट बजावली. "जमिनीवर कर, आभाळात कर, वाटेल ते काम कर. खाली उतरलास तर माझं तोंड बघू नकोस."

तो क्वेट्ट्याला गेला, पंपांच्या जळलेल्या मोटारी भरायच्या एका दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळायला शिकला, डाव्या हाताच्या करंगळीचं टोक एका पंख्यात घालवून परत आला आणि पिशीनच्या रस्त्यावर छोटं दुकान थाटलं. उंच, सडपातळ, एका जागी कधी बसायचा नाही. हिरव्या चहाचा पेला हातात, खडीसाखर गालात, आणि बोलता बोलता समोरच्याच्या खिशातला पेन काढून खोलून बघायचा. पेन परत जुळेल याची खात्री नसायची.

त्या काळात ज्यांच्याकडे बोअर होतं ते विजेची वाट बघत असायचे. वीज दिवसातून थोडी, तीही कधी येईल याचा नेम नाही, आणि आली तरी इतकी कमी दाबाची की मोटर घरघर करत तापायची आणि जळायची. जळलेली मोटर सैदालकडे यायची. धंदा बरा चालला होता.

"बघ जानान," तो एकदा मला म्हणाला, "शेतकऱ्याची मोटर जळली की माझी चूल पेटते. हा काय धंदा झाला? मी रोज कुणाच्या तरी वाटोळ्याची वाट बघत बसतो."

"मग मौलवी हो," मी म्हणालो.

"तिथेही लोक मरायची वाट बघावी लागते."

मग उन्हाच्या प्लेटा आल्या. आधी त्या श्रीमंतांच्या छपरावर दिसायच्या. नंतर त्या चीनमधून इतक्या यायला लागल्या आणि इतक्या स्वस्त झाल्या की माझ्याच ट्रकमधून सफरचंदं उतरली की परतीला प्लेटा भरून यायच्या. सैदालने पहिल्या मोठ्या प्लेटा बसवल्या त्या हाजी दौलतच्या बागेत. हाजीची बाग गावात सगळ्यात मोठी, आणि नवं काही आधी आपल्याकडे आलं पाहिजे ही हौसही मोठी.

त्या सकाळी अख्खं गाव जमलं होतं. कारेजाचं पाणी घराघराला वाटून देणारे म्हातारे मीराब, अकतर काका, तेही काठी टेकत आले होते. त्यांनी प्लेटांच्या रांगेभोवती एक फेरी मारली.

"याला तेल कुठून घालायचं?"

"तेल लागत नाही, काका."

"बिल?"

"बिल नाही."

"आणि बटण कुठंय?"

सैदालने बोट वर केलं. सूर्य नुकताच डोंगरावर आला होता. लोक हसले, अकतर काकाही हसले. थोड्या वेळाने पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ लाल पाणी, आणि मग मनगटापेक्षा जाड अशी पांढरी धार. ती दिवस मावळेपर्यंत तुटली नाही. हाजीने मेंढा कापला. जेवायला बसलो तेव्हा सैदालने घास तसाच धरून ठेवला होता. मला म्हणाला, "आता पाण्यासाठी कुणाला खाली मरायला नको."

ते त्याने मनापासून म्हटलं होतं. पुढे जे झालं त्यासाठी त्याला नावं ठेवणारे पुष्कळ झाले, पण तो नफ्याच्या लोभाने प्लेटा विकत होता असं मला कधीच वाटलं नाही. तो प्रत्येक धार बघायला स्वतः जायचा. पाणी आलं की त्यात हात घालून उभा राहायचा.

दोन-तीन हंगामांत दरीचा रंग बदलला. गाव आणि डोंगराच्या मधल्या माळावर, जिथे उंटसुद्धा नाक मुरडून चरायचे, तिथे कांदे आले, टोमॅटो आले, द्राक्षाचे मांडव चढले. पंजाबातून बोअर पाडायच्या गाड्या आल्या आणि गेल्याच नाहीत. त्यांचे चालक इथे भाड्याने खोल्या घेऊन राहू लागले. मी दुसरा ट्रक घेतला. सैदालला सगळे आता 'उस्ताद' म्हणायचे. त्याने झरलश्ताशी लग्न केलं. ती माझ्या मामाची मुलगी, जिभेची तिखट आणि हिशेबाची पक्की. लग्नात तिने सोन्याऐवजी घरावर प्लेटा मागितल्या, म्हणजे शिलाईमशीन चालेल.

पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली. पूर्वी वीज नसली की डिझेल जाळून मोटर चालवावी लागायची, तेव्हा ती चालू असताना मालकाचा जीव टांगणीला असायचा. वाफा भरला की तो धावत जाऊन बंद करायचा. आता कशाला धावायचं? ऊन फुकट. मोटर सकाळी आपोआप सुरू होई आणि संध्याकाळी आपोआप थांबे. पाणी वाफ्यातून पाटात, पाटातून रस्त्यावर. माझ्या ट्रकची चाकं चिखलात रुतायची, आणि आसपास पाऊस म्हणून पडलेला नसायचा.

टोमॅटोचा तर कहर झाला. एका वर्षी मी गाडी भरून कराचीच्या बाजारात गेलो तर दलालाने माल खाली उतरवूच दिला नाही.

"कुठून आणलास?"

"पिशीनकडून."

"सगळे तिकडूनच आणतायत. आजच्या भावात तुझं भाडंही निघणार नाही, भाऊ. परत ने, नाहीतर इथंच टाक. इथं टाकलास तर झाडलोटीचे पैसे पडतील."

परतताना मी बोलान घाटाच्या वाटेवर एका नाल्यात गाडी रिकामी केली. तिथे आधीच दोन लाल ढीग होते. गावात येऊन हे सांगितलं तर लोकांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या वर्षी तोटा भरून काढायला जास्तच टोमॅटो लावले. पाण्याला खर्च नव्हता ना.

मग बोअरचं पाणी उतरायला लागलं. पाणी उतरलं की बोअर खोल करायचं, खोल केलं की मोठी मोटर, मोठी मोटर की जास्त प्लेटा. त्या सैदालच्याच दुकानातून जायच्या. अकतर काका एकदा दुकानात येऊन बसले.

"सैदाल, कारेजाचं पाणी माझ्या गुडघ्याला लागायचं. आता घोट्याला लागतंय."

"बर्फ कमी पडतोय, काका. आभाळाला सांगा."

"आभाळाला सांगतोच रे रोज पाच वेळा. म्हटलं तुलाही सांगून बघावं."

सैदालने चहा मागवला आणि विषय बदलला. बर्फ कमी पडत होता हे खरंच होतं, त्यामुळे तेवढ्यावर भागून गेलं. पण जर्दाळूंना फुलं आली त्या वसंतात कूझकलीच्या बाया घागरी घेऊन कारेजाच्या तोंडाशी गेल्या, तर तिथे नुसता ओला दगड होता. काही दिवसांनी तोही सुकला.

सैदालची धाकटी बहीण सनोबर कूझकलीत दिली होती. त्या वस्तीत बोअर पाडायची कुणाची ऐपत नव्हती. कारेज हेच त्यांचं सगळं. डाळिंबाची झाडं, तुती, दारातली लसूण, सगळं त्या पाण्यावर. आता बाया वर चढून हाजी दौलतच्या पाइपाशी घागरी भरायच्या. हाजीने आधी भरू दिल्या. मग त्याच्या मुनिमाने कुंपण घातलं आणि दुपारनंतर या म्हणून सांगितलं.

अकतर काका पुन्हा आले. या वेळी ते बसले नाहीत.

"चल. तुला खाली घेऊन जायचंय."

सैदालच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काका, मी खाली उतरत नाही. तुम्हाला माहितेय."

"माहितेय. तुझ्या बापाला मीच दोर सोडला होता. आज तिथे बुडायला पाणी नाही आणि ढासळायला ओल नाही. चल."

अदे तोवर देवाघरी गेली होती. सैदालने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मीही येतो. आम्ही तिघं वरच्या विहिरीतून दोराने उतरलो. म्हातारा आमच्याआधी खाली. आत थंड होतं, आणि कोरड्या मातीचा जुन्या मडक्यासारखा वास येत होता. पायाखाली गोल गोटे. भिंतींवर आमच्या पूर्वजांच्या कुदळींचे घाव, आणि हाताच्या उंचीवर दिवा ठेवायचे कोनाडे, काजळीने काळे झालेले. सैदाल एकेका कोनाड्यात बोट घालून बघत चालला होता. कुठला त्याच्या बापाचा हे कसं कळणार? तरी तो बघत होता.

बोगद्याच्या टोकाला, जिथे डोंगरातून पाणी झिरपायचं, तिथे म्हाताऱ्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. "ऐका."

मला आधी वाटलं कानच वाजतायत. मग कळलं, खडकातूनच आवाज येत होता. एकसारखी, न थांबणारी गुणगुण. वर ज्या मोटारी मुक्या वाटायच्या, त्या सगळ्या खाली ऐकू येत होत्या. आमच्या आजूबाजूला, आणि आमच्याहून कितीतरी खोल.

सैदाल खाली बसला. "यातल्या बहुतेक मी बसवल्यात," तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उन्हाळा तापायच्या आधी सनोबरच्या घरच्यांनी गाव सोडायचं ठरवलं. तिच्या नवऱ्याला क्वेट्ट्यात नानच्या भट्टीवर काम मिळत होतं. सामान माझ्याच ट्रकमध्ये चढलं. सैदाल आला आणि गाद्या, पेट्या, कोंबड्यांची खुराडी चढवत राहिला. आमच्यात थोरल्या भावाला म्हणतात तसं सनोबर त्याला 'लाला' म्हणायची.

"लाला, तुझा सूर्य आमच्याकडेही उगवतो बरं का," ती म्हणाली. "पाणी तेवढं तुमच्याकडेच निघतं."

सैदालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती त्याच्याजवळ गेली, ओढणीने त्याचं तोंड पुसलं. "पुरे, पुरे. वाया नको घालवू." आणि स्वतःच हसली. मग ट्रकमध्ये चढून तोंड फिरवून बसली. घाट उतरेपर्यंत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

त्यानंतरच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर सैदालने मशिदीच्या अंगणात जिरगा, म्हणजे गावाची पंचायत, बसवला. बसून बोलणं त्याला कधी जमलं नाही; तो उभाच होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. आठवड्यातले काही दिवस सगळ्यांनी मोटारी बंद ठेवायच्या, कारेजाच्या वरच्या अंगाला नवं बोअर पाडायचं नाही, आणि माळावरचे टोमॅटो थांबवायचे.

हाजी दौलतने मिशीवर हात फिरवला. "उस्ताद, विकताना तर तोंड भरून सांगत होतास, बिल नाही, तेल नाही, हवं तेवढं उपसा. आता काय झालं? गोदामातला माल संपला?"

हशा पिकला.

"हाजीसाहेब, ऊन संपत नाही म्हणालो होतो. पाणी संपत नाही असं नव्हतो म्हणालो."

"म्हणजे अर्धीच गोष्ट सांगितलीस."

"मला अर्धीच माहीत होती."

"मग आधी तू तुझं दुकान बंद कर," हाजी म्हणाला, "मग मी माझी मोटर बंद करतो."

सैदालने दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं. हाजीने मोटर बंद केली नाही. आणि आठवडा उलटायच्या आत पिशीनहून दुसरा एक दुकानदार आला, रस्त्याच्या पलीकडेच त्याने तंबू ठोकला आणि सैदालपेक्षा स्वस्तात प्लेटा विकायला लागला. सैदाल दिवसभर उंबऱ्यावर बसून त्या तंबूकडे बघायचा. ज्याला एका जागी बसवत नसे तो माणूस असा बसलेला बघून मला भीती वाटायची.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. झरलश्ताने शोरव्याची वाटी त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवली.

"उस्ताद, रुसलात कुणावर? उन्हावर?"

"गप्प बस."

"नाही बसत. उन्हाने काय घोडं मारलं? तुम्ही त्याला एकच काम दिलंत. उपस, उपस, उपस. माझी शिलाईमशीन उन्हावर चालते, ती किती घागरी पाणी पिते हो?"

सैदालने मान वर केली. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि हे जानान भाऊ. सगळ्यांची सफरचंदं एकाच महिन्यात उतरतात, सगळे एकदमच यांच्या ट्रकमागे धावतात, आणि भाव पडला की येऊन म्हणतात, पुढच्या वर्षी अजून झाडं लावू. ती सफरचंदं चार महिने गार ठेवता आली तर? अर्ध्या झाडांत तेवढंच मिळेल. झाडं अर्धी तर पाणी अर्धं. मला कळतं ते तुम्हाला कळत नाही होय?"

सैदालने शोरवा तसाच ठेवला, माझ्या खिशातला पेन काढला आणि नानच्या कागदावर रेघोट्या मारायला लागला. पेन त्या दिवशी मला परत मिळाला नाही.

गावाबाहेर मनुके वाळवायची एक जुनी कोठी होती. जाड मातीच्या भिंती, आता नुसती कबुतरं. सैदालने ती झाडून घेतली. प्लेटा विकत घ्यायची गरजच नव्हती. बोअर आटलेल्या लोकांच्या शेतात त्या धूळ खात उभ्या होत्या. तो एकेकाकडे गेला. "तुझ्या प्लेटा दे, कोठीत तुझा वाटा." कुणी दिल्या, कुणी कुत्री सोडली. लाहोरहून बर्फाच्या कारखान्यातलं जुनं मशीन मीच आणलं. दिवसभर उन्हावर मशीन बर्फ करणार, आणि ऊन गेल्यावर तोच बर्फ कोठी गार ठेवणार, असा बेत होता. तेच बर्फाचं पाणी वितळलं की पुन्हा गोठवायचं.

पहिलं वर्ष वाया गेलं. धुळीची वादळं आली, प्लेटा झाकोळल्या, मशीन मधेच बसलं, आणि भिंतीच्या एका फटीतून गरम हवा शिरत राहिली. सफरचंदांना वास सुटला. माझ्या सख्ख्या भावाने ठेवलेली तर निम्मी गेली. पिशीनचा दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "तिकडे जा, उस्ताद सफरचंदं आंबवून शिर्का बनवतोय." सैदालने कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. ज्यांची फळं गेली त्यांच्या दारात जाऊन तो खाली मान घालून उभा राहिला. हिवाळाभर भिंतीला चिखल आणि भुसा लावत बसला, मशीन पुरतं खोलून पुन्हा जोडलं. झरलश्ताने शेजारच्या बायांकडून प्लेटा रोज पुसून घ्यायचं मनावर घेतलं.

दुसऱ्या वर्षी शरदात भरलेली सफरचंदं आम्ही डोंगरावरचा बर्फ वितळायला लागल्यावर बाहेर काढली. काळपट लाल, घट्ट, जणू आत्ता तोडलीत. मी ती कराचीला नेली. त्याच दलालाने एक फळ कापून चाखलं आणि विचारलं, "ही आत्ता कुठून?" मी म्हटलं, "कारेज वलीजान." भाव त्याने दिला तो मी गावात दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही.

मग कोठीत जागा मागायला रांग लागली. आणि इथे सैदालने ते केलं जे जिरग्यात त्याला जमलं नव्हतं. ज्याला फळं ठेवायची त्याने आठवड्यातले तीन दिवस मोटर बंद ठेवायची, माळावर टोमॅटो लावायचे नाहीत, बागेला पाटाऐवजी ठिबकने पाणी द्यायचं. नियम मोडला की फळं बाहेर. बंद दिवशी त्या मोटारींच्या प्लेटांची वीज तारेने कोठीला यायची, म्हणजे मोटर चालू केली तर कोठीत लगेच कळायचं.

"हा तर तू गावाचा मालक झालास," कुणीतरी म्हणालं.

"कोठीचा," सैदाल म्हणाला. "गावाचं मला काही करता आलं नाही."

हाजी दौलत बरेच दिवस आला नाही. मग त्याच्या सगळ्यात खोल बोअरमधून पाण्याबरोबर वाळू यायला लागली, मोटर घासून खलास झाली, आणि निम्म्या बागेवर कुऱ्हाड चालवायची पाळी आली. त्याने पुतण्याला पाठवलं. सैदालने निरोप दिला, हाजीसाहेबांनी स्वतः यावं, चहा तयार आहे.

हाजी आला. कोठीत शिरून गारव्याने शहारला, चादर खांद्यावर ओढली.

"तुझा बाप साधा माणूस होता," तो म्हणाला. "तू बेरकी निघालास."

"प्लेटा तुमच्याच बागेत पहिल्यांदा लावल्या, हाजीसाहेब. बेरकीपणा तिथेच शिकलो."

हाजी हसला नाही, पण रागावलाही नाही. "तीन दिवस मोटर बंद ठेवायची, आणि नाही ठेवली तर?"

"तर सफरचंदं घरी न्यायची. तुमची गाढवं धडधाकट होतील."

"दोन दिवस."

"तीन. आणि कुंपण काढायचं."

हाजीने बर्फाच्या टाकीला हात लावून बघितला. मग म्हणाला, "चहा कुठंय? का तोही गार केलास?"

कुंपण निघालं. तोवर तिथे घागर भरायला येणाऱ्या बाया फारशा उरल्या नव्हत्या.

सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. कारेज अजून कोरडं आहे. अकतर काका गेले, आणि त्यांच्या जागी मीराब नेमायचं कारणच उरलं नाही. आमच्या गावातल्या बोअरचं पाणी दोन-तीन वर्षं आहे तिथेच थांबलंय, एका चांगल्या बर्फाच्या वर्षी थोडं वरही आलं. पण डोंगराच्या पलीकडच्या दरीत आता आमच्याकडे होती तशी धामधूम चालू आहे. तिथल्या लोकांनी सैदालला बोलावलं होतं. तो तीनदा गेला. तिन्ही वेळा त्यांनी उत्तम पाहुणचार केला, लांदीचा, म्हणजे वाळवलेल्या मटणाचा, भात खाऊ घातला, आणि पाठवून दिलं.

मागच्या शरदात आम्ही दोघं क्वेट्ट्याला सनोबरकडे गेलो. ती एका गल्लीत दोन खोल्यांत राहते. पाणी टँकरने येतं, तेही विकत. तिने आणि गल्लीतल्या बायांनी मिळून रजया शिवायचं काम घेतलंय, पण वीज सारखी जाते. सैदालने सोबत प्लेटा आणल्या होत्या. तो छपरावर चढला. खालून सनोबर ओरडत होती.

"लाला, सरळ लाव. शेजारणीच्या कबुतरांवर सावली पडली तर ती मला फाडून खाईल."

"कबुतरं सावलीत बसतील की!"

"तुला कबुतरांचं काय कळतंय?"

मशीन सुरू झालं. बाया आळीपाळीने बसून बघायला लागल्या. सनोबरने आम्हाला जेवायला थांबवलं, आणि जेवताना सैदालने तिला विचारलं, कोठीशेजारची खोली रिकामी आहे, रजयांचं काम तिथेही करता येईल, परत येतेस का. तिने बोटं चाटली, नवऱ्याकडे पाहिलं.

"पोरं इथल्या शाळेत रुळलीत," ती म्हणाली. "तुतीचं झाड आहे का अजून?"

"वाळलं," सैदाल म्हणाला.

तिने टोपलीतले नान चाचपले. मग त्याच्या ताटात आणखी एक नान टाकलं आणि म्हणाली, "खा. वाटेत घाट लागतो."